औषधाच्या रकान्यातली खूण

२ सप्टेंबर

ही वही कुत्र्याच्या डॉक्टरीणबाईंनी दिली. म्हणाल्या, "आजी, दिवसभर घरात तुम्हीच असता, तेव्हा लिहायचं तुम्ही." पट्टी घेऊन चार रकाने आखून दिले. खाणं, खाज, बाहेर, औषध. मी म्हटलं, बाई, माझी शाळा चौथीत सुटली. तर म्हणतात, नुसत्या खुणा केल्या तरी चालेल. खुणा कशाला? तीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी, अभ्रे, टॉवेल लिहून घेतले आणि लिहून दिले. एक फडकं कधी कमी भरलं नाही.

वही पुढून त्यांची. मागून माझी. मागचं कोणी वाचायचं नाही.

कुत्री दहा महिन्यांची आहे. नातीने नाव ठेवलं बटण, नाकावरून. मी कुत्री म्हणते. आणली तेव्हा काळी कुळकुळीत, मऊ होती. आता कान आतून लाल, पोट लाल, पुढचे पाय चाटून चाटून केस गेलेले. दिवसभर खराखरा. माझ्या खोलीत तिच्या पायाची फरशीवर टकटक चालूच. डोकं उठतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन गोष्टी एकात एक आहेत. एक मोसमाची, गवताच्या परागाची. दुसरी खाण्यातली, पण कशाची ते माहीत नाही. म्हणून आठ आठवडे फक्त त्यांच्या पिशवीतलं खाणं. दुसरं काही नखाएवढंही नाही. आणि गवतासाठी रोज सकाळी एक गोळी.

मला हे लगेच कळलं. एका डागाखाली दुसरा डाग असतो तसंच. वरचा निघाल्याशिवाय खालचा दिसत नाही. आणि घाई केली, गरम पाण्यात बुडवलं, की दोन्ही पक्के.

जेवताना मुलगा म्हणाला, "आई, आठ आठवडे. तेवढ्यात सुधारली तर ठीक. नाहीतर आमच्या साहेबांच्या बहिणीचं गावाबाहेर मोठं अंगण आहे, तिकडे देऊन टाकू." तो लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकतो. घरी आल्यावर त्याला शांतता लागते. मी म्हटलं, अंगण म्हणजे गवतच ना रे? गवतानेच पाय लाल होतात तिचे, तिथे काय पोहायला सोडणार तिला?

तर म्हणतो, "तूच म्हणतेस ना डोकं उठतं."

म्हणते. म्हणून काय झालं?

४ सप्टेंबर

पिशवीतल्या खाण्याला पुठ्ठ्याचा वास येतो. कुत्रीने हुंगलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच केलंय. संध्याकाळी खाल्लं. पोट भल्याभल्यांना शिकवतं.

गोळीने मात्र नाकी नऊ आणले. पहिली थुंकली, ती कपाटाखाली गेली. दुसरी गालात धरून बसली आणि माझ्या चपलेत टाकली. तिसरी माझ्या बाहीवर. मग मी माझ्या सकाळच्या अंड्यातला पिवळ्याचा गोळा घेतला, त्यात गोळी दाबली, गटकन गिळली. लबाड! तोंड उघडून जिभेखाली बघितलं. गेली होती.

माझं अंडं सूनबाई कामाला जाण्याआधी उकडून ठेवते. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, रोज एक. मला ते पिवळं तसंही घशाशी अडकतं.

औषधाच्या रकान्यात बरोबरची खूण केली. खाण्याच्या रकान्यात लिहिलं, पिशवीतलं, दोन वाट्या.

१० सप्टेंबर

समोरच्या मैदानात गवत कापलं. हिरवा वास सगळीकडे. कुत्री त्यात लोळून आली आणि रात्रीपर्यंत पाय चघळत बसली. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, घरात येताना चारही पाय ओल्या फडक्याने पुसायचे, बोटांच्या मधूनसुद्धा. आता दारात पाण्याचं भांडं आणि चार फडकी. प्रत्येक पायाला वेगळं. एकच फडकं चारही पायांना वापरलं तर ती पुसणी नाही, ती वाटणी.

पोट खाजवू नये म्हणून जुन्या उशीच्या अभ्र्याचा सदरा शिवला. चार भोकं, पाठीवर नाडी. नात, तिला आम्ही टिकली म्हणतो, हसून लोळली. "आजी, ही पेशंट दिसते!" दिसेलच. अभ्रा हॉस्पिटलचाच आहे.

१६ सप्टेंबर

दोन आठवडे झाले. कान तसेच. पोट तसंच. माझा जीव भंडावला. नियम पाळूनही फरक नाही म्हणजे कोणीतरी पाळत नाही.

पकडला! खालच्या मजल्यावरचा म्हातारा पोस्टमन. जिन्यात कुत्री त्याच्या खिशाला नाक लावून उभी, शेपूट फिरतंय. मी म्हटलं, "खिसा उलटा करा."

"अहो, काय हे."

"करा म्हणते ना."

अर्धं बिस्किट निघालं. म्हणतो, "वहिनी, चाळीस वर्षं कुत्र्यांना बिस्किटं दिली म्हणून तर चावा न खाता पत्रं वाटली. हाताला सवय आहे."

"मग हाताला सांगा, ती नोकरी संपली."

तोंड एवढंसं झालं त्याचं. बरं झालं. आता बघा कसा फरक पडतो.

२४ सप्टेंबर

काही फरक नाही. पोस्टमन आता जिन्यात कुत्री दिसली की हात पाठीमागे बांधून भिंतीला चिकटून उभा राहतो, मास्तरांनी शिक्षा केल्यासारखा. तरी हिची खाज जशीच्या तशी. उलट कानाला वास येतोय, ओल्या सतरंजीसारखा.

डॉक्टरीणबाईंकडे नेली. कानात औषध घातलं. वही बघितली, पुढून. खूश झाल्या. म्हणाल्या, इतकी नीट वही कोणी ठेवत नाही. मग विचारलं, "आजी, पिशवीशिवाय काही जातंय का पोटात? दूध? हाड? बिस्किट? टेबलावरचं उरलंसुरलं?"

मी म्हटलं, नखाएवढंही नाही. बिस्किटाचा बंदोबस्त केला.

"मग घरात आणखी कोणी?"

ते मला लागलं. म्हणजे ही बाई म्हणते, तुमच्या घरात गळती आहे. रस्ताभर तोच विचार. मुलगा? तो कुत्रीकडे बघतही नाही. टिकली? तिला भीती घातलीय, ती पाण्याचा थेंबसुद्धा विचारून देते. मग राहिलं कोण?

२९ सप्टेंबर

सूनबाई बेकरीत आहे. दिवसभर पाव, केक, लोणी, अंडी, साखर. घरी येते ती अॅप्रन घालूनच, बाहीला पीठ, चपलांना क्रीम. आणि आल्या आल्या जमिनीवर बसते, कुत्री तिच्या मांडीत. रोज संध्याकाळी चाटूनपुसून काढते तिला. मी हे रोज बघत होते आणि माझ्या डोक्यात आलं नाही.

आज जेवताना सगळ्यांसमोर बोलले. "कुत्री बरी का होत नाही ते मला कळलं. तुझ्या अंगावरनं खाते ती. आम्ही घरात पहारे देतोय आणि तू अख्खं दुकान घेऊन येतेस."

ती म्हणाली, "आई, मी हात धुऊन येते."

"हात धुतेस. अॅप्रन?"

मुलगा म्हणाला, "आई, पुरे."

मी म्हटलं, पुरे कसं? चार आठवडे उरलेत. कुत्री गेली तर ही पोरगी कोणाच्या नावाने रडेल? तुझ्या?

टिकलीने चमचा खाली ठेवला. सूनबाई उठली. ताट उचललं, घासलं, आणि आत गेली. तिच्यात एवढंच आहे. चिडली की भांडत नाही, भांडी घासते.

खरं ते बोलले. खरं बोलायला मला कोणाच्या बापाची भीती नाही.

३० सप्टेंबर

सकाळी अंडं होतंच. टेबलावर, बशीखाली झाकलेलं, सोललेलं. राग असला तरी अंडं चुकवत नाही. गोळी दिली. खूण केली.

६ ऑक्टोबर

सूनबाई आता अॅप्रन दुकानातच ठेवते. तरीही घरात तशी शिरत नाही. जिन्याच्या वळणावर, खिडकीच्या आडोशाला उभी राहून वरचा शर्ट बदलते, जुना पिशवीत बांधते, मग आत. आली की थेट आंघोळ. तोवर कुत्री दाराशी बसून कंटाळते आणि माझ्याकडे येते. सूनबाई बाहेर आली की ही झोपलेली. जमिनीवर बसणं बंद झालं.

माझ्यासाठी बेकरीतून मऊ पाव आणायची, तोही बंद. मी विचारलं तर म्हणाली, "चुरा सांडतो ना, आई." उलटं बोलली असती तर बरं वाटलं असतं. एवढं सरळ बोललं की उत्तर काय द्यायचं?

आणि फरक? काही नाही! आठवडा झाला. कान लालच. पोटावर नवं पुरळ. काल सदरा फाडला तिने. मी दुपारी तिला समोर बसवून सांगितलं, बाई गं, तुझ्यामुळे मी पोस्टमनशी बोलत नाही, सून माझ्याशी बोलत नाही, तू निदान एक कान तरी बरा कर. तिने जांभई दिली आणि माझ्या पायांवर येऊन पडली. रोज तशीच पडते. पाय जड होतात, मुंग्या येतात. हलवत नाही, उगाच उठली की परत खाजवत बसेल.

टिकलीने विचारलं, "आजी, ती पास होईल ना?"

"कशात?"

"आठ आठवड्यांत."

मी म्हटलं, तुझा अभ्यास झाला का? जा.

९ ऑक्टोबर

मोसमाची गोळी संपली. औषधांच्या दुकानात नाही, दुसऱ्या दुकानात नाही. कंपनीकडूनच माल आलेला नाही म्हणे. डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, दहा-बारा दिवस नसली तरी हरकत नाही, पाय पुसत राहा. घ्या! आधीच ही दशा, त्यात औषध नाही. औषधाच्या रकान्यात आडवी रेघ.

आज माझं अंडं पूर्ण खावं लागलं. पिवळं घशात बसलं, दोन पेले पाणी लागलं.

१५ ऑक्टोबर

लिहू की नको असं झालंय, दृष्ट लागायची. पण कान थंड आहेत. हात लावून पाहिले, तीन वेळा. पाय अजून लाल, काल परत गवत कापलं. पण पोटावरचं पुरळ सुकलंय.

गोळी नाही आणि ही सुधारतेय. हे कसं?

२० ऑक्टोबर

पोट स्वच्छ! केसांची बारीक लव येतेय. सदरा काढून ठेवला, धुऊन. दुपारभर माझ्या पायांवर झोपली, एकदाही उठली नाही. घर इतकं शांत, की मला घड्याळ ऐकू आलं.

मुलगाही म्हणाला, "बरी दिसतेय की."

मी सगळ्यांसमोर म्हटलं, बघा. कपडे बदलायला लावले म्हणून. सूनबाईने माझ्याकडे पाहिलं, मग पाव कापायला लागली. तिच्यासाठी चांगलं बोलले तरी तोंड वाकडंच.

२२ ऑक्टोबर

गोळी आली दुकानात. सकाळपासून परत सुरू. माझ्या अंड्यातला गोळा बघून उडीच मारली तिने, दोन आठवड्यांची उपाशी असल्यासारखी.

२४ ऑक्टोबर

खाज परत. कान गरम. पोट लाल. काल सकाळपासून सुरू झालं, आज तर खाजवून कानातून रक्त काढलं.

मुलगा म्हणाला, "रविवारी आठ आठवडे होतात. साहेबांच्या बहिणीला मी फोन केलाय, त्या घेऊन जायला तयार आहेत." टिकली उठून गेली. रडली नाही, तेच वाईट. तिच्या मागोमाग सूनबाई गेली. मी आणि मुलगा समोरासमोर, आणि मध्ये ही टकटक, टकटक.

पण मी आता मूर्ख राहिले नाही. वही काढली. गोळी होती तोवर खाज. गोळी नव्हती, खाज नव्हती. गोळी आली, खाज आली. आंधळ्यालाही दिसेल. त्या बाईच्या गोळीनेच माझ्या कुत्रीला खाज सुटतेय, आणि आम्ही इथे एकमेकांच्या बाह्या हुंगतोय!

उद्या जाते आणि विचारतेच.

२५ ऑक्टोबर

गेले. कुत्रीला नेलं, वही नेली. दवाखान्यात एक मांजरवाला आणि एक पोपटवाली बसली होती, त्यांच्यासमोरच सुरुवात केली. वही टेबलावर आपटली. म्हटलं, "बाई, वाचा. तुमच्या औषधाने आजारी आहे ती."

डॉक्टरीणबाईंनी वाचलं. बोट लावून, रकान्यावर रकाना. मध्ये एकदा आधीच्या तारखांवर गेल्या, परत पुढे आल्या. म्हणाल्या, "आजी, तुम्ही म्हणता ते वहीत दिसतंय खरं. पण ही गोळी असं करत नाही. गोळी देता कशी?"

"जशी देतात तशी. तोंडात."

"नुसती?"

"नुसती कशी गिळेल? माझ्या अंड्याच्या पिवळ्यात दाबून."

त्यांनी मान वर केली. पेन खाली ठेवलं. पोपट मात्र बोलत होता, बाहेर.

"रोज?"

"रोज. एक दिवस चुकवलेला नाही. हवं तर खुणा मोजा."

हे मी बोलले. माझ्याच तोंडाने, छाती पुढे काढून. आणि बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं.

मी खाली बसले. माझी आई कडू पूड मधात कालवून चाटवायची. त्या मधाला कोणी खाणं म्हटलं नाही. ते औषध. औषधासोबत जे जातं ते औषध, एवढंच माझ्या डोक्यात. खाण्याचा रकाना वेगळा, औषधाचा वेगळा, आणि मी रोज त्या दोघांच्या मधल्या रेघेवरून अंडं भरवत होते.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागवायला हवं होतं. म्हणाल्या, "चूक माझी पण आहे. मी दूध विचारलं, हाड विचारलं, हे विचारलं नाही. आणि आजी, जे आम्ही मुद्दाम करून बघतो ते तुम्ही करून दाखवलंत. अंडं बंद केलं, बरी झाली. अंडं दिलं, आजारी पडली. पाय गवताचे, कान आणि पोट अंड्याचं. आता आपल्याला माहीत आहे."

म्हणजे एका डागाखाली दुसरा. हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. आणि वर अंडं. अंड्याच्या डागाला गरम पाणी लावलं की तो कायमचा. धुलाईखान्यात नवीन आलेल्या पोरींना मीच ओरडायचे, आधी थंड पाणी, आधी थंड पाणी.

गोळी कशात द्यायची ते विचारलं. म्हणाल्या, पिशवीतलेच दाणे भिजवा, त्याचा गोळा करा, त्यात.

घरी येताना जिन्यात पोस्टमन भेटला. भिंतीला चिकटला. मी म्हटलं, "हात सोडा आता. बिस्किट नाही द्यायचं, पण हात हुंगायला द्या तिला." पुढे बोलायचं होतं, पण जिना चढून दम लागला होता.

२५ ऑक्टोबर, जेवण झाल्यावर

सांगितलं. सगळे टेबलाशी असतानाच, कारण बोललेही टेबलाशीच होते. "चोर मी. रोज सकाळी गोळीसोबत माझ्या अंड्याचं पिवळं देत होते. अंड्यानेच होतं तिला. बेकरीचा काही संबंध नाही."

मुलाचा घास हातातच राहिला.

टिकली म्हणाली, "आजी, तू? वहीवाली?"

"हो, मी. वहीवाली."

"मग ती जाणार नाही ना?"

मी मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "आई, दोन आठवडे पाहतो."

"पाहा. आणि त्या अंगणवालीला फोन कर आत्ता. दोन आठवड्यांनी नाही, आत्ता." त्याने केला. माझ्याच पोटचा आहे, पण ऐकतो.

सूनबाई उठून मोरीकडे गेली होती. पाणी सोडलं होतं, भांडं हातात नव्हतं. खांदे हलत होते. हसत होती का रडत होती, पाठीवरून मला कळत नाही. कापडावर असतं तर सांगितलं असतं.

मी मागे जाऊन उभी राहिले. काय बोलायचं असतं ते मला येत नाही. म्हटलं, "तो अॅप्रन कोण धुतं तिथे?"

"मशीन."

"मशीन! त्यात अंडं असतं, लोणी असतं, गरम पाण्यात फिरवत असतील. उद्या पिशवीत बांधून घरी आण."

तिने तोंड पुसलं. म्हणाली, "आई, त्यावर खरंच अंडं असतं. बटणला चालायचं नाही."

"मी दार लावून धुईन. मला शिकवू नकोस."

९ नोव्हेंबर

कान थंड. पोट स्वच्छ. पाय गवताच्या दिवशी लाल, एरवी नाही. चार फडकी चालूच. मुलाने काल तिच्यासाठी बाजारातून नवीन वाडगा आणला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

दाराच्या आत, उंचावर, एक खिळा ठोकून घेतला. धुतलेला अॅप्रन तिथे असतो, इस्त्री केलेला. खालच्या कडेचा जुना पिवळट डाग तीन पाण्यांत निघाला. तीनही थंड. वापरलेला अॅप्रन पिशवीतून येतो, थेट माझ्या बादलीत. सूनबाई आता जिन्यात कपडे बदलत नाही, माझ्या खोलीत बदलते. मग जमिनीवर बसते. बटणला धीर नसतो, ती माझ्या पायांवरून उठून धावते. माझे पाय मोकळे होतात. थोडे गारही.

वहीत डॉक्टरीणबाईंचे चार रकाने होते. मी पट्टी घेऊन पाचवा आखला. "कशात दिलं."

अंडं अजून रोज असतं. आता सूनबाई झाकून ठेवून जात नाही. कामाला उशीर झाला तरी समोर बसते, पिवळ्यासकट संपेपर्यंत हलत नाही. बटण टेबलाखाली, नाक वर. आज मी शेवटचा घास गिळला, पाणी प्यायले, आणि उठायला लागले.

"थांबा," म्हणाली. "आई, तोंड उघडा. जीभ वर करा बघू."

टिकली खिदळायला लागली. मी उघडलं.